आधी पाहुण्यांनी लापशी खावी

मानोरा तालुक्यात सकाळच्या वेळी जेवढी माणसं कुणाच्या दारातून उपाशी पळून गेली असतील, त्यातली निम्मी तरी आमच्या भाऊजींच्या दारातून गेली आहेत. हे मी रागाने लिहितो आहे आणि राग आवरण्याची माझी अजिबात इच्छा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. सकाळी त्यांच्या फाटकाची कडी वाजवून बघा. "जय भीम, या, बसा" एवढं म्हणून होईपर्यंत तुमच्या हातात स्टीलची वाटी आलेली असते आणि वाटीत ओट्सची लापशी असते. मीठ नाही, साखर नाही, दूध असेल तर नावाला. जुन्या वह्यांचा पुठ्ठा रात्रभर भिजत घालून सकाळी कोमट केला तर काहीसं असंच लागेल. आणि ती वाटी संपेपर्यंत भाऊजी समोर स्टूल टाकून, तुमच्या घशाकडे बघत बसतात. अर्धी खाऊन वाटी खाली ठेवायची सोय नाही. "राह्यली ना जी थोडी," म्हणून ते चमचा पुन्हा तुमच्या हातात देतात.

मला राग येण्याचं विशेष कारण आहे. वाशीमहून पहाटेची बस धरून मी त्या घरी वर्षानुवर्षं जातो आहे, आणि गेलो आहे तो ताईच्या हातच्या उकडपेंडीसाठी. कणीक खमंग भाजलेली, वरून कच्चा कांदा, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. शाळेत मास्तरकी करत असताना इन्स्पेक्शनच्या दिवशीसुद्धा मी त्या उकडपेंडीसाठी किरकोळ रजा टाकली आहे. अशा घरात मला भिजका पुठ्ठा खायला लावणं हा अन्याय आहे. बरं, लावणार कोण? तर ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नाही, तो. भाऊजी अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चढायचे, वादळात तुटलेल्या तारा जोडायचे, पण भाजीच्या गंजावरचं झाकण उचलून आत काय आहे ते कधी बघायचे नाहीत. एकदा ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे आली, तेव्हा हा गृहस्थ फुटाणे आणि केळी खाऊन राहिला. चहासुद्धा केला नाही. आईने कारण विचारलं तर म्हणे माचीस सापडली नाही. माचीस शेगडीवरच होती, पण शेगडीकडे बघायचं हे त्यांना सुचलंच नव्हतं.

मग ताईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, घास गिळता येईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मऊ द्या, ओट्सची लापशी द्या, मीठ नको, साखर नको. भाऊजींनी ओट्सचा डबा आणला, दूर शहरात राहणाऱ्या सुनेला व्हिडिओ कॉलवर विचारून लापशी केली आणि चमचा ताईच्या तोंडापाशी नेला. ताईने ओठ घट्ट मिटले. तिचं तोंड वाकडं झालं होतं, बोलणं अडखळत होतं, पण घरची रीत ती विसरली नव्हती. घरातलं आणि दारातलं माणूस जेवल्याशिवाय तिने आयुष्यात घास घेतला नव्हता. शिवाय आपल्यासाठी वेगळं काही रांधायचं, हे तर तिला पापच वाटायचं. "तुमच्यासाठी भाकर अन् माह्यासाठी येगळं काहून?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. भाऊजी रागावले, विनवून झालं, डॉक्टरचं नाव घेऊन झालं. ताई वाळत चालली होती. तेव्हा भाऊजींनी कायदा केला की या घरात सकाळी एकच भांडं चढेल, सगळे त्यातलंच खातील, पाहुणा आधी खाईल, मग ते स्वतः, आणि मग ताई. ताईने तो कायदा मान्य केला. ती दाराशी खाटेवर बसून सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या होताना बघते आणि मग तोंड उघडते.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून लापशीची चव सुधारते असं मात्र नाही. आणि ती करण्याची पद्धत बघाल तर तुम्हीही माझ्याइतकेच चिडाल. भाऊजी स्वयंपाक करत नाहीत, ते लाइनवर काम करतात. आधी दारावर लाल फडकं बांधतात, म्हणजे आत कोणी यायचं नाही. हातात जुने रबरी मोजे. सांडशीऐवजी पिवळ्या मुठीची पक्कड. दर वेळी ढवळण्याआधी सिलेंडरचं बटण बंद करतात, झाकण काढतात, ढवळतात, झाकण ठेवतात आणि पुन्हा गॅस पेटवतात, कारण चालू लाइनला हात लावायचा नाही ही खात्याची शिस्त. त्यामुळे जी लापशी चहाइतक्या वेळात व्हायची, तिला वरणाइतका वेळ लागतो आणि तिच्यात गाठी होतात. मी एकदा सांगायला गेलो की भाऊजी, गॅस चालू असताना ढवळलं तरी चालतं. ते म्हणाले, असंच म्हणणारे त्यांच्यासोबतचे दोघं खांबावरून पडले होते.

गावाने आपापले उपाय शोधले आहेत. गॅसवाला सिलेंडर फाटकाबाहेर उतरवून, घंटी वाजवून, खोडकर पोऱ्यासारखा पळतो. मीटरचं रीडिंग घेणारा फक्त दुपारी येतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले चाचा भाऊजींसाठी खास दिग्रसहून ओट्स मागवतात, पण पहिल्याच वेळी घरपोच द्यायला आले आणि त्यांच्याच पुड्यातली लापशी त्यांना खावी लागली. तेव्हापासून ते पुडा पिशवीत घालून फाटकाला अडकवतात आणि दुकानात पोचल्यावर फोन करतात. पोहरादेवीच्या यात्रेला येणारे भाऊजींचे खात्यातले जुने दोस्त आधी हमखास थांबायचे. आता त्यांची जीप घरावरून जाताना हॉर्न तेवढा वाजवते. मी स्वतः बस स्टँडवर उतरलो की तर्रीत बुडवलेले दोन आलूबोंडे आधी पोटात टाकतो. एकदा भाऊजींनी माझ्या मिशीकडे बघितलं, नाक जवळ आणलं आणि माझी वाटी काठोकाठ भरली.

पण माझा पारा खरा चढला तो या पावसाळ्याआधी. माझ्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. तिचे सासू-सासरे रिसोडहून ताईला बघायला यायचे ठरले. मुलीच्या सासरचं माणूस पहिल्यांदा आपल्या बहिणीच्या घरी येतं तेव्हा त्याचा मान कसा करायचा, हे मला शिकवायची गरज नाही. मी आदल्या दिवशी फोनवर भाऊजींच्या अक्षरशः पाया पडलो. म्हटलं, पोहे मी आणतो, जिलबी मी आणतो, फक्त एक दिवस ते लाल फडकं बांधू नका. ते हूं म्हणाले. त्या हूंवर मी विश्वास ठेवला, यात माझ्या बुद्धीचा पुरावा आला.

आम्ही पोचलो तर फडकं बांधलेलं होतं. मी पोह्यांचा पुडा हातात घेऊन उभाच राहिलो आणि भाऊजींनी माझ्या व्याह्यांच्या हातात लापशीची वाटी दिली. व्याही साखर कारखान्यातले मोठे हिशेबनीस, मोजकं बोलणारे. त्यांनी वाटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घरून खाऊन निघालो असं सांगून वाटी बाजूच्या खुर्चीवर ठेवली. माझे कान तापले. मनात आलं, पोरीला आता सासरी जन्मभर या वाटीवरून ऐकावं लागणार. भाऊजींना चार शब्द सुनवावे म्हणून मी तोंड उघडणार, एवढ्यात दाराशी खाटेवरून ताईने विचारलं, "पावन्यानं खाल्लं का?" आणि उत्तर न मिळाल्यावर तिने आपल्या वाटीवर डावा हात झाकण ठेवल्यासारखा ठेवला.

भाऊजी उठले. या माणसाला मी साहेबांपुढे वाकलेलं बघितलं नाही, आमच्या वडिलांपुढे बघितलं नाही. ते रबरी मोजे घातलेले हात जोडून माझ्या व्याह्यांपुढे उभे राहिले.

"इवाईबुवा, तुमचा मान मले समजते. पण तुमी खाल्ल्याशिवाय ती खात नाही. दोन घास घ्या."

व्याही बायकोकडे बघू लागले. विहीणबाईंनी मात्र खुर्चीवरची वाटी उचलून नवऱ्याच्या हातात दिली, स्वतःची घेऊन ताईच्या खाटेवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "खा ना जी, घरी काय रोज बासुंदी असते काय?" व्याह्यांनी डोळे मिटून वाटी संपवली. मीही संपवली. विहीणबाईंनी तर बोटाने वाटी पुसून ताईला दाखवली. ताईने एकेकाची वाटी बघितली आणि मग भाऊजींकडे वळून विचारलं, "अन् तुमी?"

"मी तं कवाच खाल्लं आतमंदी," भाऊजी म्हणाले. ताईने वाटीवरचा हात काढला. भाऊजींनी तिला सगळी लापशी चमच्या-चमच्याने भरवली, हनुवटीवर सांडलेली आपल्या उपरण्याने टिपली.

मी वाट्या आणि पोह्यांचा पुडा घेऊन आत गेलो. मागोमाग भाऊजी आले आणि माझी चाहूल न लागल्यासारखे ओट्याशी उभे राहून रिकाम्या भांड्याला लागलेली खरवड काढू लागले. ओट्सचा पुडा संपला होता. एवढ्या जणांची लापशी त्यात बसवायची म्हणून त्यांनी स्वतःला धरलंच नव्हतं. भांड्यात थोडं पाणी घालून, विसळून, ते त्यांनी पिऊन टाकलं. माझी आई असंच करायची, ताईसुद्धा आयुष्यभर असंच करत आली, आणि विचारलं की दोघींचं उत्तर एकच असायचं, मी तर आधीच खाल्लं.

"भाऊजी, तुमी तं काहीच खाल्लं नाही," मी म्हणालो.

"हळू बोला, मास्तर. तिले आयकू येते."

पोह्यांचा पुडा तिथेच होता. मी तो उघडून त्यांच्यापुढे सरकवला तर त्यांनी मान हलवली, ताईला वास जाईल म्हणाले. मग भांडं पालथं घालत त्यांनी जरा संकोचाने विचारलं, आज कशी झाली होती. लय चांगली झाली होती, असं मी त्यांना सांगितलं.