सखुआक्कांच्या हळदीतला चर

सखुआक्का माती चाखून बघत. बांधावरून जाताना वाकायच्या, चिमूटभर माती जिभेला लावायच्या, खारटपणा जोखायच्या आणि थुंकायच्या. पलूसजवळच्या त्या कृष्णाकाठच्या गावात मी शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा त्यांच्याच घरी भाड्याने राहत होतो. नवरा फौजेत असल्यापासून शेती त्या एकट्याच बघत. तो वारल्यावरही त्यात फरक पडला नाही.

त्या गावाला पाण्याची ददात नव्हती, आणि घात त्यानेच केला होता. उसाला सारखं पाणी देऊन खालच्या अंगाची रानं चिबडली होती, वर पांढरं मीठ फुटलं होतं. सगळ्यांत वाईट रान आक्कांच्या धाकट्या दिराचं, बाळूअण्णांचं. बांधाच्या वादावरून दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

"रान बी अजीर्णानं मरतंया," आक्का सांगत. ऐकत कुणी नसे.

शेवटी खालच्या शेतकऱ्यांनी निचऱ्यासाठी यंत्राने चर काढायचं ठरवलं. ओढ्यापर्यंत वाट एकच होती, आक्कांच्या उभ्या हळदीतून. सांगायला बाळूअण्णाच आले.

"वैनी, माजं चुकलं."

"कुनाचं चुकलं ते मागनं बघू. यंत्र कवा येतंय?"

"उद्या आलं तर आलं, मग वरीसभर न्हाई. पर तुमची हळद..."

"हळद परत लावता येती, भावजी. रान गेलं की मानूस गाव सोडतंय. तुमचं पोरगं गेलंच की साताऱ्याला कंपनीत."

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पुढे पुढे त्या स्वतः कोवळी हळद उपटत गेल्या. कुणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

दोन पावसाळ्यांनी बाळूअण्णांनी आपल्या त्या चिबडलेल्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला. तोवर आक्का सांगलीच्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो, तेव्हा अण्णा उशाशी बसून मोबाईलवर फोटो दाखवत होते.

"उगवला, वैनी. बोटभर आलाय."

आक्कांनी बराच वेळ फोटो न्याहाळला.

"लय दाट पेरलाय," त्या म्हणाल्या. "इरळ करा. न्हाईतर कणसं भरायची न्हाईत."

दोन दिवसांनी त्या गेल्या. दहाव्याचा विधी आटोपून माणसं पांगली. बाळूअण्णा घरी गेलेच नाहीत. धुतल्या धोतरानिशी ते रानात उतरले आणि एकेक रोप उपटत दिवस मावळेपर्यंत शाळू विरळ करत राहिले.