लाभपंचमीच्या मापाचा सर्व्हर

यंदा दिवाळीला आमच्या घरी फराळ झाला नाही. श्रावणात नवरा गेला. त्याने आणि धाकट्या दिराने नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यांसाठी वेबवरचा एक प्रोग्राम उभा केला होता; मालाची नोंद, वजन, पावती, सगळं त्यावर. तपासणीचं काम माझ्याकडे असे. जुन्या सर्व्हरचा करार संपत आला होता आणि नवा केवढा घ्यायचा, हे दिवाळीआधी ठरवायचं होतं.

सर्व्हर पुरवणाऱ्याने फोनवर वर्षभराची सरासरी विचारली: एका वेळी किती लोक काम करतात? दिराने सांगितली. त्या हिशेबाने लहान मशीन पुरत होतं.

"सरासरी नको," मी म्हणाले. "लाभपंचमी धरा."

"वहिनी, एक दिनसाठे इतलं मोठं मशीन कसाले?"

दिवाळीनंतर मार्केट लाभपंचमीला उघडतं. नव्या वर्षाची पहिली पावती प्रत्येकाला मुहूर्ताच्या त्याच मिनिटाला फाडायची असते. पान उघडायला जरा उशीर झाला, की आमचे व्यापारी थांबत नाहीत. पुन्हा दाबतात, मुनिमाला दाबायला लावतात, बायकोच्या मोबाइलवरून दाबतात. उशिराने गर्दी वाढते आणि गर्दीने आणखी उशीर होतो.

मी लहान मशीन एका दुपारपुरतं भाड्याने घेतलं आणि त्यावर संगणकानेच बनवलेले असेच खोटे, उतावळे व्यापारी सोडले. मेमरी बघता बघता भरली. पावत्या अडकल्या. मी स्क्रीन दिराकडे वळवली.

"त्या दिवशी असं झालं तर लोक काय म्हणतील? करणारा गेला, त्याचं कामही गेलं. तसं मी म्हणू देणार नाही."

त्याने सर्व्हरवाल्याला फोन लावला. मोठं मशीन आलं.

आमच्या ऑफिसातून 'दिवस सुरू' हे बटन दाबल्याशिवाय कोणाचीच पावती निघत नाही. मुहूर्ताला ते नेहमी नवराच दाबायचा. लाभपंचमीच्या सकाळी मी निघाले, तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या.

"बटन धाकला दाबी. तू आज तठे हात लावू नको."

"गर्दीचं माप मी घेतलंय, आई. बटनही मीच दाबणार."

मुहूर्ताला ऑफिसात दाबलं. मेमरीची रेघ सरळ वर चढली. दीर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. रेघ वर थोडी थरथरली, मग हळूहळू उतरायला लागली. एकही पावती अडली नाही.

थोड्या वेळाने एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला. नवऱ्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"वहिनी, आज बटन कोनी दाबं?"

"मी."

दिराने फोनसाठी हात पुढे केला. मी दिला नाही.

"बरं," म्हातारा म्हणाला. "पन मन्ही पावती पहिली निंघनी ना?"

मी यादी बघितली. "तिसरी."

"पुढला साले लवकर दाबजा," तो चिडून म्हणाला.

"मुहूर्तालाच दाबेन," मी म्हणाले.