माझ्या नावानं भरलेली टेंडरं

"ए, ऊठ. तिकडं चहा सांडलाय, पूस."

मालक हे बोलले तेव्हा मी खुर्चीवर बसलेली होते. सरकारी ऑफिसातली साधी प्लॅस्टिकची खुर्ची. टेंडर भरायच्या आधी ठेकेदारांची एक मीटिंग असते, कुणाला काही शंका असल्या तर तिथं विचारायच्या. दवाखान्याच्या सफाईचं टेंडर होतं. हजेरीच्या कागदावर आमच्या संस्थेचं नाव होतं, त्याच्यापुढं माझं, त्याच्यापुढं लिहिलेलं, अध्यक्षा. मी सही केली आणि बसले. पंधरा-वीस पुरुष आणि बाई मी एकटी.

एका साहेबानं विचारलं, ह्या कोण? मालक हसले. "ह्या व्हय? ह्या आमच्या झाडूवाल्या." सगळे हसले, साहेबसुद्धा. तेवढ्यात कुणाचा तरी कप कलंडला आणि मालकांनी मला उठवलं.

मी उठले. खिडकीत फडकं होतं ते घेतलं आणि टेबल पुसलं. कागदावर अध्यक्षा असलेली बाई टेबल पुसत होती आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलासुद्धा त्या मिनिटाला वाटलं नाही, हात आपोआप फिरत होता. पुसून झालं तरी मी परत बसले नाही. मीटिंग संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले. बसू नको असं कुणी म्हटलं नव्हतं, मीच बसले नाही. आज इतक्या दिवसांनी तेच जास्त झोंबतं.

झाडू आमच्या हातात जातीनं आला. आईनं सोलापुरात दवाखाने झाडले, आजीनं रस्ते. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं आणि तरी झाडूच धरला, फक्त आता अंगावर ठेकेदाराचं जाकीट आलं. मालक म्हणजे तो ठेकेदार. सफाईची काही कामं सरकार आमच्यासारख्यांच्या सहकारी संस्थांना राखून ठेवतं. म्हणून मालकांनी आम्हा अकरा बायकांच्या नावानं एक संस्था काढली. शिकलेली आणि मुकाट बसणारी, दोन्ही एकाच बाईत मिळाली, म्हणून अध्यक्षा मला केलं.

संस्था आमची, पण कागद मालकांकडं. आमच्या वस्तीत ही रीतच आहे. घरं पत्र्याची. पावसाळ्यात पाणी शिरतं, उंदीर कुरतडतात. आधार, पॅन, शिक्का, बँकेचं पुस्तक, सगळं मालकांच्या कपाटात. आमच्या बायका हे एकमेकींना अभिमानानं सांगायच्या. माझे कागद सुखरूप हायत, मालकाकडं हायत. मीही सांगायचे.

एकदा मालकांच्या कॉम्प्युटरवाल्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "नाव सांगा. म्हणा, हा अर्ज मी स्वतः केलाय." मी म्हणाले. "हो म्हणा." मी हो म्हणाले. कशाला ते विचारलं नाही. मला वाटलं, दवाखान्याच्या गेटपाससाठी असेल. ती माझ्या डिजिटल सहीची तपासणी होती. ती सही एका बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते, कॉम्प्युटरला लावली की तुम्ही कागदावर सही केल्यासारखंच. माझी सही तयार झाली आणि मालकांच्या ड्रॉवरमध्ये गेली. मी ती बघितलीसुद्धा नाही.

चहाच्या त्या दिवसानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. राग होता म्हणाल तर होता, पण रागापेक्षा लाज जास्त. बचत गटाच्या बायकांसाठी एका कॉलेजात एक दिवसाचं शिबिर होतं, तिथं गेले. मॅडमनी एआयचा एजंट दाखवला. हा नुसत्या प्रश्नाला उत्तर देत नाही. याला काम सांगितलं की हा स्वतः वेबसाइटी उघडतो, पानं वाचतो आणि निवडून यादी आणून ठेवतो. सरकारी टेंडरंसुद्धा शोधतो, मॅडम म्हणाल्या. माझे कान टवकारले. टेंडर कुठं निघतात, कधी निघतात, हे फक्त मालकांना कळतं असं आम्ही समजत होतो. त्यांची सगळी मिजास त्याच्यावरच होती.

मावसबहिणीचा जुना लॅपटॉप आणला. पहाटे कामाला जायच्या आधी मराठीतच लिहिलं. सोलापूर जिल्ह्यातली सफाईची सगळी सरकारी टेंडरं रोज शोध. आमच्यासारख्या संस्थेला चालतील तेवढीच ठेव.

पहिल्या दिवशी त्यानं उजनीच्या कालव्यातला गाळ काढायचं काम आणून ठेवलं. म्हणे ही पण सफाईच. मला हसू आलं. त्याला समजावलं, बाबा, झाडू आणि फरशी, जेसीबी नाही. चार-पाच दिवसांत त्याला कळायला लागलं. आणि एका सकाळी त्यानं जे आणलं ते बघून मी चहा ठेवायचा विसरले. मुलींची तीन सरकारी वसतिगृहं, एक शहरात, एक मंद्रूपला, एक माळशिरसला. तिन्हींची सफाई, आमच्यासारख्या संस्थांनाही भरता येईल अशी. सहा दिवस उरलेले.

मी त्याला विचारलं, अशी कामं याआधी कुणी भरली, कुणाला मिळाली, जुने निकाल बघून सांग. मला वाटलं, दराचा अंदाज येईल.

त्यानं लिहिलं, "मागील सात निविदांच्या निकालांत आपल्या संस्थेचे नाव बोलीदार म्हणून आढळते. सातही वेळा आपला दर विजेत्यापेक्षा किंचित जास्त आहे. सातही वेळा काम एकाच फर्मला मिळाले आहे."

फर्म मालकांची.

मी परत परत वाचलं. मी एकही टेंडर भरलं नव्हतं. मग उमजलं. टेंडरला निदान तीन जण लागतात. मालक स्वतःचं एक भरायचे आणि आमच्यासारख्यांच्या नावानं मुद्दाम महाग दराची दोन लावायचे. धंद्यात त्याला सपोर्टिंग म्हणतात. सपोर्टिंग मी होते. प्रत्येक टेंडरबरोबर एक हमीपत्र असतं, दर आम्ही कुणाशी संगनमत न करता भरलेत असं. त्या हमीपत्रावर सात वेळा माझी सही होती.

मी एजंटला विचारलं, आता मला काय होईल? त्यानं सरळ लिहिलं, "संगनमत सिद्ध झाल्यास संस्था काळ्या यादीत जाऊ शकते आणि सही करणाऱ्या व्यक्तीवर फौजदारी कारवाई होऊ शकते. स्वाक्षरी आपल्या नावाची आहे. कृपया वकिलाचा सल्ला घ्या."

मी दाराची कडी लावली. कुणी येणार नव्हतं, तरी लावली. त्या दिवसापासून दवाखान्यात फरशी पुसताना खाकी कपडा दिसला की मी खांबाआड व्हायचे, मग तो वॉचमन निघायचा. फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे. मला पोरगी आहे, नववीत. तिला कोण बघणार, एवढंच डोक्यात फिरायचं. मी चोरी केली नव्हती आणि मी चोरासारखी जगत होते.

त्याच दिवशी दुपारी कोर्टाजवळच्या एका वकिलीणबाईंकडं गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गप्प राहिलीस तर आठवं टेंडरही तुझ्याच नावानं जाईल. आधी तुझी सही तुझ्या हातात घे. मग लेखी दे. पण लेखी दिलंस तर पहिली चौकशी तुझीच होईल, हेही समजून घे.

आमच्या संस्थेच्या सचिव महादेवीअक्का. अक्कलकोटच्या बाजूच्या, घरात कन्नड. त्यांना दवाखान्याच्या मागं जिन्याखाली बसवून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"बेडव्वा," अक्का म्हणाल्या. "नको गं बाई. माझं पोरगं मालकाची गाडी चालवतंय. अकरा बायकांच्या चुली हायत ह्याच्यावर. तू शिकलीस म्हणून आमाला खड्ड्यात घालू नको की."

"अक्का, खड्ड्यात आपण हायच. सात बारी घातलंय आपल्याला."

"दिसत न्हवतं तवर बरं व्हतं," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं. वाटत होतं, तो लॅपटॉप मावसबहिणीला परत देऊन टाकावा आणि म्हणावं मी काही वाचलंच नाही.

दोन दिवस मी तेच करत बसले. काहीच नाही. तिसऱ्या दिवशी, टेंडरला तीन दिवस उरलेले, ड्यूटी संपवून मालकांच्या ऑफिसात गेले.

"माजं डोंगल पायजे," मी म्हणाले.

मालकांनी वर बघितलं. "काय?"

"सहीचं. माज्या नावाचं."

त्यांना गंमत वाटली. ड्रॉवर ओढून दाखवला. आत सात-आठ डोंगल, प्रत्येकाला पांढरी पट्टी चिकटवलेली, पट्टीवर पेनानं नाव. एक वॉचमनचं, एक त्यांच्या ड्रायव्हरचं, म्हणजे अक्कांच्या पोराचं. एक अशा बाईचं जी गेल्या वर्षी वारली. ती मेली तरी टेंडर भरत होती.

"हे बघ, हितं हाय. सुखरूप हाय. तुला काय करायचंय? झाडू सोडून टेंडर भरतीस का आता?"

मी हात घातला आणि माझं उचललं. माझाच हात मला दुसऱ्याचा वाटला. पट्टीला चिठ्ठी गुंडाळलेली होती, तिच्यावर पिन आणि पासवर्ड. एवढ्या लोकांचे लक्षात कसे ठेवणार, म्हणून कॉम्प्युटरवाल्यानं लिहून ठेवलेले.

"ठेव ते."

"माज्या नावाचं हाय."

"नाव तुझं, पण पैसे भरून मी काढलंय." मग आवाज खाली आला. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाहेर नेलंस आणि तीन दिवसांत परत आणलं न्हाईस तर अकराच्या अकरा घरी. आणि सात टेंडरात तुझ्या सह्या हायत. पोलीस माझ्या दारात येणार न्हाईत, तुझ्या येतील. पोरगी हाय की तुला."

पोरीचं नाव काढल्यावर मी दाराकडं वळले. डोंगल मुठीत धरलं आणि चालायला लागले. जिना उतरून रस्त्यावर आले आणि नाल्याच्या कडेला ओकले. लोक बघत होते.

घरी आले. पोरगी शाळेत होती. डोंगल लावलं, चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला. वसतिगृहांचं टेंडर उघडलं. आमच्या संस्थेची बोली आदल्या दिवशीच भरलेली होती. चढा दर, माझी सही, तेच हमीपत्र. आठवं.

मुदत संपेपर्यंत भरलेली बोली बदलता येते, एजंटनं नियम वाचून सांगितलं. मग दोन दिवस मी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. किती माणसं लागतील, किमान वेतन काय, फिनेल किती, मंद्रूपला जायला कुठली एसटी. अक्का एका दुपारी आल्या, माणसांचा हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "माळशिरसला दोन बाया कमी पडतील बग." त्या एवढंच बोलल्या आणि गेल्या.

शेवटच्या दिवशी सगळं तयार झालं. एजंटनं लिहिलं, "डोंगल जोडलेले आहे. मी आपल्या वतीने बोली सादर करू का? फक्त 'हो' लिहा."

हात कीबोर्डवरून मागं घेतला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, ते मला कळत होतं. त्यानं तर विचारलं होतं, मालकांनी तेवढंही केलं नव्हतं. पण मी आधी एकदा काय ते न बघता हो म्हणून बसले होते.

लिहिलं, नको. तू शोध, वाच, समजाव. सही मी करणार.

मग हमीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचलं. एक शब्द कळला नाही, तो विचारून घेतला. जुनी बोली काढली, आमचा दर टाकला. बटण मी दाबलं. पावती आली. अकरा बायकांच्या संस्थेनं आयुष्यात पहिल्यांदा टेंडर भरलं होतं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी थंडी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या गेटवर आम्हा अकराही जणींना अडवलं. मालकांनी शब्द पाळला. कुणी मला शिव्या घातल्या, कुणी रडली. अक्कांच्या पोराची गाडीवरची नोकरीही गेली. मी सगळं ऐकून घेतलं. कामाचा निकाल अजून लागायचा होता. लागला तरी आमच्या बाजूनं लागेल असं कोण सांगणार.

तिथून मी थेट, जिथं टेबल पुसलं होतं, त्या सरकारी ऑफिसात गेले. पिशवीत अर्ज होता, माझ्या हातानं लिहिलेला. ही सात टेंडरं मी भरली नाहीत, माझी सही वापरून ती भरली गेली, ती कुणी, कुठल्या ऑफिसातून भरली, आणि त्या ड्रॉवरमध्ये अजून कुणाकुणाची नावं आहेत. मेलेल्या बाईचंही लिहिलं होतं.

आवक खिडकीवरच्या बाबूंनी अर्ज वाचला. परत वाचला. मग चष्मा काढला.

"बाई, ह्यात काय लिहिलंय ते ठाऊक हाय का?"

"मीच लिहिलंय."

"हे दिलंत तर पहिल्यांदा तुमीच अडकाल. ते मोठे लोक हायत, सुटतील. घरी न्या हे. मी बघितलं न्हाय असं समजतो."

माणूस वाईट नव्हता. खरंच माझ्या भल्यासाठी सांगत होता. मी खिडकीची कड धरली.

"आवक नंबर टाका," मी म्हणाले.

"विचार करा."

"केलाय. नंबर टाका आणि माज्या प्रतीवर शिक्का द्या."

त्यांनी शिक्का मारला. प्रत घडी करून मी घरी आणली आणि माझ्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. पाणी शिरलं तर पेटी उचलून डोक्यावर धरीन.

भीती गेलेली नाही. खोटं कशाला सांगू. दार वाजलं की आजही मी आधी फटीतून बघते. बोलावणं कधीही येईल. आलं की मी जाणार आहे. आठवं टेंडर माझं आहे, ते मी भरलं, ते मी सांगणार. आणि बाकीची सात कुणाची, तेही एकेक करून, नाव घेऊन सांगणार. मला आत टाकलं तरी.