आधी ठकी बसायची

"उतर!"

पाण्याच्या टाकीमागच्या बागेत दिवस उजाडायचा तो या एका शब्दाने. बोईसरहून सरावलीकडे जाताना डाव्या हाताला ही बाग लागते. चालायला एक गोल वाट, पाच-सहा बाकडी, आणि कोपऱ्यात लोखंडी कठड्याच्या आत पोरांची जागा. दोन घसरगुंड्या, एक सी-सॉ, चार झोपाळे. बाग सहाला उघडायची, कठड्याचं फाटक सातला. या मधल्या तासात एखादं पोर कठड्यावरून उडी मारून झोपाळ्याला नुसतं टेकलं, तरी पलीकडे झाडूचा आवाज थांबायचा.

"उतर! तुज्या बापाचा हाय काय झोपाळा?"

"मग काय तुझ्या बापाचा आहे?"

"माज्या बापाचा असता तर तोडून चुलीत घातला असता. उतर!"

पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं उतरबाई. तिचं खरं नाव ठकी. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने आडवी, काष्टा घट्ट खोचलेला, कमरेला पाना लटकवलेला. बागेची झाडलोट आणि खेळण्यांची देखभाल ही तिची नोकरी, ठेकेदाराकडून मिळालेली. कुणी हसून बोललं तर तिला संशय यायचा. चालायला येणाऱ्या आजोबांनी एकदा "काय ठकीबाई, बरं आहे ना?" विचारलं, तर ती म्हणाली, "बरा नसला तर तुमी काय डाक्टर हाव?" त्यानंतर आजोबा लांबून जायचे.

पण सहा ते सात या वेळात ठकी जे करायची, ते आख्ख्या तालुक्यात कुणी करत नसेल. बाग बंद करताना ती चारही झोपाळ्यांच्या फळ्या आकड्यांतून काढून पंपाच्या खोलीत ठेवायची. सकाळी चारही फळ्या परत अडकवायची, झाडलोट करायची, आणि मग स्वतः एकेकीवर बसायची. पाय वर उचलायची, डोळे मिटायची आणि झोका घ्यायची. पुढे, मागे, पुढे, मागे. वीस वेळा. मग दुसरा झोपाळा. मग तिसरा. चौथा झाला की फाटक उघडायचं.

ती ऐकत असायची.

इथल्या हवेत एकीकडून समुद्राचा खार, दुसरीकडून कारखान्यांचा उग्र वास. लोखंड इथे टिकत नाही. साखळीची कडी कडीवर घासते तिथे आतून झिजते, आणि वरून दरवर्षी पिवळा रंग बसतो. चार वर्षांपूर्वी एक मुलगी झोपाळ्यावरून पडली होती. साखळी सुटली, दात तुटला. ठेकेदाराने तातडीने उपाय केला. दुसऱ्या दिवशी चारही झोपाळ्यांना नवा रंग दिला. त्याच महिन्यात ठकी कामाला लागली. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"साखळी कुई-कुई बोलली तर ग्रीस मागते," ती नवऱ्याला, विश्रामला, एकदा सांगत होती. "टक् बोलली तर उतरायचा. डोळ्याला काय नाय दिसत. बसल्याबिगर ती बोलतच नाय."

हे तिला बापाने शिकवलं होतं. मनोरच्या पलीकडे डोंगरात तिचं माहेर. पावसावरची नाचणी, आणि बाप ताडावर चढायचा. चढण्याआधी रोज, न चुकता, तो कमरेचा दोर खोडाला टाकून जमिनीपासून हातभर उंचीवर लोंबकळायचा. सगळं वजन टाकून, कान देऊन. लहानपणी ठकी हसायची. "बाबा, कालचाच तर दोर हाय!" बाप म्हणायचा, "काल मीबी हलका होतो. काल ताडी पिलो नव्हतो." आणि मग चढायचा. म्हातारा झाला, खोकून मेला, पण ताडावरून कधी पडला नाही.

हे सगळं ठकीने बागेत कुणालाही सांगितलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

भांडण पेटलं मे महिन्याच्या सुट्टीत. रस्त्यापलीकडे नवी इमारत झाली होती. तिसऱ्या मजल्यावरची हेतल तिच्या सहा वर्षांच्या किंजलला घेऊन सकाळी साडेसहालाच आली. हेतल पालघरच्या किराणा दुकानदाराची मुलगी, बोलायला कुणाला हार न जाणारी. ती वाटेवर चालायला लागली आणि किंजल कठड्याखालून सरपटत आत गेली, तिसऱ्या झोपाळ्यावर चढली.

"उतर!"

किंजल उतरली नाही. तिला वाटलं, हा खेळ आहे. ठकीने झाडू टाकला, पोरीचा दंड धरला आणि तिला खाली ओढलं. किंजलने असा टाहो फोडला की वाटेवरचे सगळे थांबले.

"ए बाई!" हेतल धावत आली. "हात लावायचा नाही माझ्या मुलीला! बघ, बघ, चार बोटं उमटली!"

"चारच उमटली. पडली असती तर दात मोजत बसली असतीस."

"पडली असती कशी? झोपाळा आहे, विहीर नाही!"

"सात वाजता ये."

"आणि सातपर्यंत काय? मुहूर्त काढतेस?"

ठकीने झाडू उचलून भिंतीला लावला, तिसऱ्या झोपाळ्यावर बसली, पाय वर घेतले आणि डोळे मिटले.

हेतलने मोबाइल काढला.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या इमारतींच्या ग्रुपवर फिरला. भिंतीला टेकलेला झाडू, 'बारा वर्षांवरील व्यक्तींनी खेळणी वापरू नयेत' हा फलक, आणि त्याच्या बरोबर खाली काष्टा खोचलेली, डोळे मिटून झोके घेणारी ठकी. कुणीतरी त्याला श्रावणातलं गाणं लावलं. "लेकरांना ढकलते आणि स्वतः झुलते." "हिचं बालपण आपण का पोसायचं?" "वजन बघा, झोपाळे तुटतात ते उगाच नाही."

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम प्रदीप मोटरसायकलवरून आला. हातात हेतलचा अर्ज. बत्तीस सह्या.

"ठके, काय हा तमाशा?"

"कुठला?"

"झोपाळ्यावर बसतेस म्हणे. रोज."

"तपासते."

"डोळे मिटून?"

"कानाने तपासते. कान कुठं मिटले?"

"खरं सांग. मजा येते ना?"

ठकीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "येते. थोडी येते. मग? तुला काम करताना रडाया लागतं काय?"

प्रदीपला हसू आलं, पण बत्तीस सह्या होत्या. तो म्हणाला, "हे बघ, कामगाराने झोपाळ्यावर बसायचं नाही. पुन्हा व्हिडिओ आला तर मी तुला ठेवू शकत नाही. साहेबांनी सांगितलंय. दुसरी बाई बघून ठेवलीय त्यांनी. नुसतं बघून तपास."

पंपाच्या खोलीत रंगाचा एक रिकामा डबा होता. त्यात चार वर्षांत ठकीने बदलायला लावलेल्या दोन झिजलेल्या कड्या होत्या. प्रदीपसमोर तो डबा उपडा केला असता तर बोलणं तिथेच संपलं असतं. घरी विश्राम तेच म्हणाला. "दाखवायच्या ना कड्या त्याला."

"कशाला दाखवू? मी काय चोर हाय, माल काढून दाखवाया?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण न बसता फळी लावनार नाय."

आणि तिने तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटक उघडलं. घसरगुंड्या होत्या, सी-सॉ होता. झोपाळ्यांच्या जागी फक्त आठ साखळ्या लोंबत होत्या. फळ्या पंपाच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली ठकीच्या कमरेला, पान्याच्या शेजारी.

"झोपाळे कुठे गेले?" पोरांनी विचारलं.

"तुमच्या आयांना विचारा."

पहिल्या दिवशी पोरांनी खडे मारले. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर खडूने तिचं चित्र निघालं, मोठं पोट आणि त्याला शेपूट. ठकीने ते पुसलं नाही, त्याच्यावरच बसून भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी कठड्याशी वीस-पंचवीस माणसं जमली. प्रदीपला फोन करून बोलावलं होतं. हेतल सगळ्यात पुढे.

"फळ्या लाव," प्रदीप म्हणाला.

"तपासल्याबिगर नाय."

"मग तपास!"

"बसू देत नाय तुमी."

"न बसता तपास!"

"तू भाकर न खाता सांग, मीठ हाय का नाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हेतल वळली, हसणारा गप्प झाला.

"वाळूचं पोतं टांगू," प्रदीपने तोडगा काढला. "पन्नास किलोचं."

"टांग. आनि पोता उतरल्यावर त्यालाच विचार, काय ऐकलास."

"ही मुद्दाम करतेय," हेतल म्हणाली. "आपल्या मुलांवर सूड काढतेय. काढून टाका हिला, आत्ता! दुसरी बाई तयार आहे ना?"

"हाय ना," ठकी म्हणाली. "ती बघून तपासनार. रंग बघून. पिवळा हाय, चांगला हाय. बसव तुजी पोर." तिने कमरेची किल्ली सोडली आणि हेतलच्या पायाशी टाकली. "घे. लाव फळी. बसव. मी चालले."

किल्ली मातीत पडली होती. किंजल ती उचलायला वाकली. हेतलने तिला मागे ओढलं. का ओढलं ते तिला स्वतःलाही कळलं नसावं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"मी बसते," हेतल म्हणाली.

"काय?"

"कामगाराने बसायचं नाही ना? मी कामगार नाही. मी बसते. तू ऐक. आणि काही नाही निघालं, तर आज तुझा शेवटचा दिवस."

"आनि निघाला तर?"

"नाही निघणार!"

ठकीने वाकून किल्ली उचलली. चार फळ्या आणल्या, आकड्यांत अडकवल्या. हेतल पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून पहिल्या झोपाळ्यावर बसली. ठकीने एक हात साखळीला लावला, दुसऱ्या हाताने हेतलच्या पाठीत असा धक्का दिला की तिची एक चप्पल उडाली.

"आई गं!"

"वरडू नको. ऐकाया येत नाय. पाय वर. साखळी आवळू नको, गळा धरल्यासारखी. गळा धरला तर ती बोलल कशी? मागं जा. अजून. घाबरतेस?"

"घाबरत नाही!"

"मंग किंचाळतेस कशाला?"

"तू ढकलतेस!"

"नाय तर काय कडेवर घेऊ?"

लोक हसत होते, आणि हेतलचा चेहरा लाल झाला होता. वीस झोके. मग दुसरा झोपाळा, वीस. तिसरा. चौथा. ठकी डोळे मिटून उभी. शेवटी तिने साखळी सोडली.

"चारी चांगलं हायत."

सगळा कठडा बोलायला लागला. "म्हणजे काहीच नव्हतं!" "तीन दिवस पोरांना रडवलं!" "बघा, मी म्हणत होते!" हेतल चप्पल शोधत जोरात म्हणाली, "ऐकलं ना प्रदीपभाऊ? हिच्याच तोंडून?"

ठकी तिथेच उभी होती. तिला खोटं बोलता आलं असतं. एखादी कडी बोलते म्हणाली असती, तर तिथे ओळखणारं कोण होतं?

"आज चांगलं हायत," ती म्हणाली. "उद्या कोन बसतंय?"

"आजची रात्र हवा काय सुट्टीवर हाय?" तिने विचारलं. "उद्या कोन बसतंय, बोला. नाय तर ही किल्ली घ्या."

प्रदीपने हेतलकडे पाहिलं. हेतलने किंजलकडे. किंजल फळीला हात लावून उभी होती, दंडावर चार बोटांचा फिका डाग.

"वार लावून घेऊ," हेतल दातओठ खात म्हणाली. "रोज एका मुलाच्या घरचं कुणीतरी. पण हिची नोकरी गेली नाही म्हणून हिने माजायचं नाही."

तिनेच यादी केली, कठड्याला बांधली. मंगळवारासमोर स्वतःचं नाव घातलं.

तेव्हापासून रोज साडेसहाला कुणीतरी आई, कुणीतरी बाप, एकदा तर ते लांबून जाणारे आजोबाही, झोपाळ्यावर बसतात आणि ठकीच्या शिव्या खातात. "पाय वर! मेलेल्या माशासारखा काय लोंबतोस?" लोक यायला कुरकुरतात, आणि तरी येतात. कुणी नाही आलं तर त्या दिवशी फळ्या लागत नाहीत, आणि मग संध्याकाळी पोरं ज्याचा वार होता त्याच्या दाराशी जाऊन ओरडतात. हेतल मंगळवारी येते. नमस्कार नाही, बोलणं नाही. बसते, उतरते, जाते.

ऑगस्टमधला मंगळवार. रात्रभर पडून पाऊस उघडला होता. हेतल तिसऱ्या झोपाळ्यावर. सातवा की आठवा झोका. मागे गेलेली साखळी पुढे यायला वळते, त्या टोकाला: टक्.

ठकीने तोंड उघडलं, पण त्याआधीच हेतलचे पाय जमिनीला लागले होते. ती उठून उभी राहिली, साखळीकडे बघत. तेवढ्यात फाटकाशी उभी राहून कंटाळलेली किंजल धावत आली आणि रिकाम्या फळीवर चढली.

"उतर!" हेतल ओरडली. दंड धरून तिने पोरीला असं खाली ओढलं की किंजलने टाहो फोडला.

ठकी पान्याने कडी सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "हात लावू नको पोरीला. बोटं उमटतील."

कडी हातात आली. वरून पिवळी, गुळगुळीत. आतल्या बाजूला काडेपेटीतल्या काडीएवढी उरलेली. ठकीने ती हेतलच्या तळहातावर टाकली, फळी काढली आणि पंपाच्या खोलीकडे चालायला लागली. हेतल मागून म्हणाली, "मावशी." ठकी थांबली नाही. "तुजी मावशी नाय मी," एवढं मात्र ऐकू आलं.

दुपारी प्रदीप आला, हातात पुन्हा हेतलचा अर्ज.

"परत माजीच तक्रार?" ठकीने विचारलं.

"दोन मुद्दे आहेत." त्याने वाचलं. "एक. सदर महिला कामगार पालकांशी अत्यंत उद्धटपणे बोलते, तिला समज देण्यात यावी. दोन. तिसऱ्या झोपाळ्याची साखळी आजच्या आज नवी बसवण्यात यावी. नुसता रंग चालणार नाही. सोबत झिजलेली कडी जोडली आहे."

अर्जाला खरंच ती कडी दोऱ्याने बांधलेली होती.

ठकीने झाडू भिंतीला लावला. कडी बोटाने एकदा हलवून पाहिली.

"दुसरा मुद्दा आधी कर," ती म्हणाली. "पैल्याला लय टाइम लागल."