पेणहून आणलेला धाकटा पंप

वडिलांचं सगळं आयुष्य पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात गेलं. आई गेल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ते रोह्याजवळ वरसेला आमच्याकडे आले. "महिनाभर बघतो, नायतर पेण," असं त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं. पेणला ते एकटे राहिले असते. ते मला नको होतं.

मी तेव्हा एका दैनिकाला रोह्याच्या बातम्या पाठवत असे. छंद एकच, माशांची काचेची टाकी. माशांपेक्षा मला तिच्यातल्या वनस्पती आवडत. त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो. साखरेच्या पाण्यात बेकरीतून मागून आणलेलं यीस्ट घातलं की तो बाटलीत तयार होतो. तो टाकीत विरघळावा म्हणून मी एक उभी पारदर्शक नळी बसवली होती. पंप तिच्यात वरून पाणी ढकलणार, वायूचे बुडबुडे त्या पाण्याविरुद्ध वर चढताना विरघळणार.

पंप कूलरचा लावला. जोर जास्त तर काम जास्त, असा माझा समज. बुडबुडे नळीच्या तळातून बाहेर फेकले जात आणि टाकीत वर येऊन फुटत. पानं पिवळी पडू लागली. टाकीला उधाण आलंय, मासे आता किनाऱ्याला लागतील, असं बायको म्हणाली.

वडील आठवडाभर नुसते बघत होते. एका दुपारी त्यांनी नळीवर बोट ठेवलं.

"उघाडी पुरी उघडून ठेवलीस. पाणी येतंय नि पळतंय. थांबतंय कुठं?"

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं, बांधातलं दार. ते किती उघडायचं यावर त्यांचं पोट चाललं होतं.

मी सलाइनच्या नळीचं चाक लावून प्रवाह दाबला. पंप तापला, घरघरू लागला.

"एवढा बैल कशाला, येसण ओढत बसायला? शेळी आण."

महिना संपायला चार दिवस होते. आम्ही दोघं एसटीने पेणला गेलो. त्यांनी पिशवी बरोबर घेतली; ते आता तिथेच राहतील, असं मला वाटलं. दुकानदार मोठाच पंप घ्या म्हणत होता. वडिलांनी बादली मागवली, तीन पंप एकामागून एक चालवून बघितले आणि सर्वांत लहान उचलला. मग पेणच्या घरी जाऊन कुलूप काढलं. छत्री, दोन सदरे आणि आईची पितळी पळी पिशवीत भरली, पुन्हा कुलूप लावलं आणि स्टँडकडे वळले.

नवा पंप लावल्यावर बुडबुडे नळीच्या मध्यावर आले आणि तिथेच थरथरत बारीक होत गेले. वडील बराच वेळ खुर्चीवरून उठले नाहीत.

"हां. आता थांबलं."

महिन्याचा विषय पुढे कुणी काढला नाही. यीस्टची बाटली मात्र त्यानंतर वडीलच बदलत. मला हात लावू देत नसत.