पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्या

रविवारी सकाळी विष्णुपुरीला निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात महादेवी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आज येऊ नका... म्हणजे, या. पण हे न्हाईत आता." माझ्या मित्राचं, शिवानंदचं दुखणं मोठं होतं, फार दिवस नाहीत हेही ठाऊक होतं. तरी पिशवीत भरलेले आमच्या कामाचे कागद मी तसेच सोबत नेले. त्याच संध्याकाळी औशाला, त्यांच्या शेतात, वडिलांच्या समाधीशेजारी त्याला माती दिली. कागदांची पिशवी तेव्हाही माझ्या खांद्याला होती.

लातूरच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी नांदेडच्या शाळेत मराठी शिकवू लागलो आणि तो तिथून जवळच, विष्णुपुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर. एकदा त्याने मला एक वाक्य दिलं: 'मी काल औशाहून आणलेला गूळ बहिणीला दिला.' "काल काय झालं, सांग. गूळ आणला का दिला?" मी म्हणालो, मागचंपुढचं बघून कळेल. "तुला कळंल रे मास्तर. मशीनला कोण सांगणार?" मग त्याने समजावलं. कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे हे माणसांनी हजारो वाक्यांत रेघा मारून दाखवायचं. मशीन त्यावरून मोजतं, अशा जागी बहुतेक वेळा कोणती जोडणी असते, आणि नव्या वाक्यात जास्त शक्यतेची जोडणी निवडतं. पण आधी जमवलेली वाक्यं सगळी छापील मराठीतली. आपल्याकडच्या बोलण्यापुढे मशीन अडखळायचं. "आपली माणसं मोजणीतच न्हाईत," हे त्याला फार लागलं होतं. औशाच्या बाजारात, नायगावच्या एसटीत तो वाक्यं गोळा करत हिंडला. आजार कळल्यावर तर त्याला एवढं एकच काम उरलं. रेघा मारायला दर रविवारी मीही त्याच्याकडे जायचो.

नियम असा, की प्रत्येक वाक्य दोघांनी वेगवेगळं सोडवायचं, एकमेकांचं न बघता. म्हणून त्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, पाठीला पाठ लावलेल्या. चहा आणताना वहिनी विचारायच्या, "भांडलात का काय दोघं?" "अजून न्हाई. कागद उघडू दे," तो म्हणायचा. जुळलं तर वाक्य मशीनकडे. नाही जुळलं तर वाद, आणि वादही मिटला नाही तर ते वाक्य सरळ बाजूला. एकदा तो दवाखान्यातून थकून आला होता. वाद सुरू झाला आणि मी पटकन त्याचं मान्य केलं. त्याने पेन खाली ठेवलं. "माझी कीव करायलास का? उगं मान हलवलीस तर मशीन तुझी दया शिकंल, भाषा न्हाई." थोडं थांबून हसला... "आणि मी गेल्यावर तर मुळीच न्हाई, हां."

शेवटच्या दिवसांत त्याने पडल्या पडल्या सोडवलेली वाक्यं वहिनींनी मला दिली. वाक्य वर दिसेल आणि रेघा आत राहतील असा एकेक कागद दुमडून, पिन मारून ठेवलेला. तेव्हापासून दर रविवारी मी जातो. माझ्याच खुर्चीत बसतो, आधी माझ्या रेघा मारतो, मग त्याची पिन काढतो. बहुतेक जुळतं. बरं वाटतं, पण गठ्ठा बारीक होताना बघून पुढचा कागद घ्यायला उशीर लावतो.

गेल्या रविवारी शेवटचा कागद. औशाच्या एका आजींनी सांगितलेल्या गोष्टीतलं वाक्य होतं: 'ती रडत निघालेल्या लेकीकडं बघत ऱ्हायली.' माझ्या रेघेत लेक रडत होती, त्याच्या रेघेत आई. माझी एक रेघ बदलली असती तर वाक्य मोजणीत गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी बराच वेळ त्याच्या बाजूने विचार करून पाहिला. पटलं नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. सवयीने दोन कप. "जुळलं का?"

"नाही, वहिनी."

"मग भांडा की," असं म्हणून त्यांनी दुसरा कप त्याच्या बाजूला ठेवला आणि घाईने आत गेल्या.

वाक्य मी बाजूला ठेवलं. मागे वळून पाहिलं नाही... चहा संपेपर्यंत त्याच्या खुर्चीला पाठ टेकून बसून राहिलो.