रिकाम्या स्ट्रिपा

"काका, ही पेशंट तुमचीच ना?" टीबीच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला.

सुमनबाईचा होता. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स संपला होता, आणि बेडका परत पॉझिटिव्ह. बेडका म्हणजे छातीतून खाकरून काढलेली थुंकी. ती आम्ही मशीनमध्ये घालतो. टीबीचे जंतू आहेत का, आणि ते मुख्य औषधाला दाद देतात का, हे मशीन सांगतं. सुमनबाईचे जंतू आता दाद देत नव्हते.

"डोस चुकले?"

"नाही मॅडम. दर आठवड्याला रिकाम्या स्ट्रिपा मोजून घेतल्या मी. एकही कमी नाही."

"मग जंतू उगाच बिघडले का? घरी जाऊन बघा."

मी रिसोड तालुक्यात टीबीचा सुपरवायझर आहे. मोटरसायकलवर गोळ्यांचे डबे घेऊन गावोगाव फिरायचं, पेशंट गोळी घेतो का बघायचं, हे माझं काम. रोज प्रत्येकासमोर उभं राहणं जमत नाही. म्हणून रिकामी स्ट्रिप परत घ्यायची. स्ट्रिप रिकामी, म्हणजे गोळी पोटात. इतकी वर्षं मी याच हिशेबाने चाललो.

सुमनबाई ओट्यावर बसली होती. विधवा बाई, पन्नाशीची, शेतात निंदणाला जाणारी. मुलगा-सून पुण्याकडे कामाला. मी रिपोर्ट सांगितला. ती आत गेली आणि चहापत्तीचा जुना डबा आणून माझ्यापुढे ठेवला. झाकण काढलं तर आत गोळ्या. अडीच महिन्यांच्या सगळ्या गोळ्या.

"औषध फेकावं नाही वाटलं," ती म्हणाली.

"पण घेतल्या काहून नाहीत, बाई?"

"साक्ष देली होती ना मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

हे जरा समजावून सांगावं लागेल. सुमनबाई आणि मी एकाच मंडळीतले. मंडळी म्हणजे काय, पंधरा-वीस ख्रिस्ती माणसं, टिनाच्या हॉलमध्ये रविवारी प्रार्थनेला जमणारी. भजन झालं की साक्षीची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. परीक्षा पास झालो, पोरीचं जमलं, ताप उतरला. ज्याचं काहीच झालं नाही तो बसून राहतो. चांगली रीत आहे. फक्त त्यात अर्ध्या गोष्टीला जागा नाही.

साडेतीन महिने गोळ्या घेतल्यावर सुमनबाईचा खोकला थांबला, अंगाला मांस चढलं. टीबीत असं होतंच. जंतू अर्धे मेले की माणसाला वाटतं, बरा झालो. त्या रविवारी ती उभी राहिली आणि रडत म्हणाली, "देवानं मले बरं केलं." अख्खा हॉल आमेन म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत होतो. अजून अडीच महिने बाकी आहेत हे त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होतं. मीही आमेन म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं.

"सभेत बरी झाली म्हणून सांगतलं, अन् घरी येऊन गोयी खाऊ?" ओट्यावर ती मला विचारत होती. "मंग देवाले खोटं पाडल्यासारखं नाही काय?"

"मंग स्ट्रिपा मले काहून देत होत्या?"

"तुमाले वरून बोलणे बसले असते." डब्याचं झाकण लावत म्हणाली, "अन् तुमी बी त आमेन म्हणलं होतं, भाऊ."

ऑफिसात फॉर्म भरायचा होता. उपचार का सुटला, याच्या खाली पर्याय असतात: स्थलांतर, दारू, औषधाचा त्रास, इतर. मी 'इतर'वर खूण केली. पुढे कारण लिहायला एक ओळ असते. ती मी कोरी सोडली. मॅडमनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला लाज वाटली, हे खरं कारण.

दुसरा कोर्स पहिल्यापेक्षा लांब आणि फार जड. या गोळ्यांनी कातडी काळवंडते, उलट्या होतात, पायांची आग होते. सुमनबाईला सगळंच झालं. पाचव्या महिन्यात ती म्हणाली, "मले नाही होत आता. नेऊ दे त्याले न्यायचं असन त." मी खालीच बसलो. देवाचं नाव घ्यायला तोंड नव्हतं. म्हटलं, "आजची घ्या. उद्याचं मी काही म्हणत नाही." तिनं घेतली. अर्ध्या तासानं ओकली. मी परत दिली.

पुढच्या खेपेला मी स्ट्रिपा मागितल्या तर देईना. भिंतीवर खिळ्याला तार बांधून तिनं सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा ओवून ठेवल्या होत्या.

"नियम आहे, बाई."

"मांगच्या कोर्सात तुमाले देल्या त्या खोट्या होत्या. ह्या खऱ्या आहेत. सकाळी उलटी येते तवा ह्याईच्याकडे पाह्यतो. म्हणतो, इतके दिवस देवानं काढून देले, आजचा बी काढीन."

मी नियम मोडला. तिथंच उभा राहून मोजायचो, वहीत लिहायचो, आणि आजची गोळी समोर गिळायला लावायचो.

रविवारी ती उभी राहायची आणि दर वेळी तेवढंच सांगायची, "आठ दिवसाच्या गोया पोटात गेल्या. देवानं घेऊ देल्या." सुरुवातीला लोक आमेन म्हणायचे. मग कंटाळले. एक म्हातारे मला म्हणाले, "बाईले सांगा ना, काही झालं तवाच उठत जा म्हणा." मी ते तिला सांगितलं नाही.

कोर्स पुरा झाला. बेडका निगेटिव्ह आला. कार्डावर 'बरा' असं लिहिलं जातं, ते लिहिलं. मग मॅडमनी एक्स-रे उजेडासमोर धरला. डावं फुफ्फुस वरून निम्मं गेलेलं.

"हे भरून येणार नाही, काका. निंदण विसरा म्हणावं."

मधले अडीच महिने चुकले नसते तर कदाचित ते राहिलं असतं. हे मी सुमनबाईला सांगितलं. माझं आमेनही सांगितलं, गोळ्या बाकी आहेत हे तेव्हा मला माहीत होतं हेही. ती म्हणाली, "माहीत हाय मले. तुमी दर खेपेले तोंड लपवून मोजत होते ना."

त्या रविवारी ती खुर्चीला धरून उभी राहिली. दम लागला, थांबली. "गोया सरल्या. बरी झाली असं मी म्हणत नाही. पायरी चढवत नाही मले. पण रोज तो संगं होता, अन् मी खोटं बोलली तवा बी होता." आणि बसली.

हॉलमध्ये कोणालाच कळेना, याला आमेन म्हणायचं की नाही. मी म्हटलं. हळू म्हटलं.

तिचं फिरणं ओट्यापुरतंच उरलं आहे आता. तार अजून भिंतीवर आहे. आणि मी साक्षीनंतर हॉलच्या दारात उभा राहतो. कोणी 'बरा झालो' म्हणून सांगितलेलं असलं की त्याला तिथंच अडवून विचारतो, "गोयी चालू आहे ना?" लोकांना ते आवडत नाही.